बँकेच्या लेखी तुमचं घर

पुण्यात, नाशकात किंवा डोंबिवलीत जुना फ्लॅट घ्यायला निघालेल्या माणसाला एकाच घराच्या चार किमती ऐकायला मिळतात. मालक सांगतो ती पहिली. एजंट 'बसून बोलू' म्हणत सुचवतो ती दुसरी. रेडी रेकनरच्या तक्त्यातून निघते ती सरकारी, तिसरी. टोकन देऊन झालं, नातेवाइकांना पेढे देऊन झाले, की बँकेचा माणूस मापाचं यंत्र आणि मोबाइल घेऊन येतो, अर्ध्या तासात निघून जातो आणि चौथी किंमत दोन-चार दिवसांनी कानावर येते. कर्ज किती मिळणार हे या चौथीवर ठरतं. ती काढताना घर घेणाऱ्याला मात्र कोणी काही विचारत नाही, आणि ती कशी काढली हेही बहुधा सांगत नाही.

आकड्यांतच पाहू. समजा, पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका पंधरा वर्षं जुन्या फ्लॅटचा सौदा ८२ लाखांना ठरला. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक मालमत्तेच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के. घेणाऱ्याने कागदावर हिशेब मांडला: ८२ लाखांचे ८० टक्के म्हणजे ६५ लाख ६० हजार. बाकीचे १६ लाख ४० हजार घरातून. पण बँकेच्या व्हॅल्युअरने त्या फ्लॅटची किंमत ७४ लाख लावली. करारातली किंमत आणि व्हॅल्युएशन यांत जे कमी असेल ते बहुतेक बँका धरतात. म्हणजे कर्ज ५९ लाख २० हजार. एका फटक्यात ६ लाख ४० हजारांचं भगदाड. शिवाय पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५ लाख ७४ हजार, आणि नोंदणी फी ३० हजार. ही रक्कम बँक घराच्या किमतीत धरत नाही. २०१२ साली रिझर्व्ह बँकेनेच तसं बजावलं आहे. सूट आहे ती फक्त १० लाखांपर्यंतच्या घरांना, आणि दहा लाखांत आज घर कुठे मिळतं ते वाचकांनी शोधून कळवावं. एकूण हिशेब असा, की २२ लाख ४४ हजारांची तयारी ठेवलेल्या कुटुंबाला २८ लाख ८४ हजार उभे करायचे आहेत. टोकन देऊन झालेलं आहे. मुदत साठ दिवसांची आहे.

मग गावाकडची जमीन, मेव्हणा, सोन्याच्या पाटल्या आणि वैयक्तिक कर्ज यांचा विचार सुरू होतो. अशा घरांतून बँकेला शिव्या बसतात, व्हॅल्युअरला त्याहून जास्त. त्यांतल्या काही योग्यही असतात. पण आधी व्हॅल्युअरला नेमका कोणता प्रश्न घालून पाठवलेलं असतं, ते पाहायला हवं.

आपण घर बघायला जातो तेव्हा पूर्वेचा उजेड, जवळची शाळा, शेजारी कोण हे बघतो. बँकेला घर नको असतं. तिला पैसे परत हवे असतात, आणि ते आले नाहीत तर घर विकून किती सुटतील हे तिला आजच लिहून हवं असतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत कर्जाचं प्रमाण काढताना भागायचं असतं ते घराच्या 'वसूल होण्याजोग्या' किमतीने. म्हणूनच अनेक बँकांच्या, विशेषतः सरकारी बँकांच्या, अहवालाच्या नमुन्यात एका घराच्या तीन किमती मागितलेल्या असतात: रास्त बाजारभाव, प्रत्यक्षात पदरात पडेल ती किंमत आणि घाईत विकावं लागलं तर येईल ती किंमत. तिसरी पहिलीपेक्षा बरीच खाली असते. तुमच्या वास्तुशांतीच्या आधीच तुमच्या घराच्या लिलावाचा अंदाज फायलीत लागलेला असतो. यात दुष्टपणा काही नाही; तारणावर कर्ज देणाऱ्याचा हा धर्मच आहे.

बाजारभावाची व्याख्या तशी जुनी आणि सभ्य आहे. १९३९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलसमोर विशाखापट्टणम बंदराजवळच्या जमिनीचा खटला गेला होता. सरकारने संपादन केलेल्या त्या जमिनीत पाण्याचा झरा होता, आणि त्या पाण्याचं गिऱ्हाईक होऊ शकेल असं बंदराखेरीज तिथे कोणी नव्हतं. मग झऱ्याची किंमत धरायची की नाही? धरायची, असा निकाल लागला. खुशीने विकणारा आणि खुशीने घेणारा यांच्यात जो भाव ठरेल तो बाजारभाव, ही कसोटी आपल्याकडच्या भूसंपादनाच्या निकालांत या खटल्याच्या आधाराने वारंवार येते. गृहकर्जाच्या व्हॅल्युएशनचा पायाही तोच. फरक एवढाच, की बँकेच्या मनातला विकणारा खुशीने विकणारा नसतो.

प्रत्यक्ष भेट फार तर अर्ध्या तासाची. व्हॅल्युअर, किंवा बरेचदा त्याच्या हाताखालचा तरुण सिव्हिल इंजिनिअर, खाली वॉचमनकडे पहिली चौकशी करतो: विंगमधला कुठला फ्लॅट अलीकडे विकला गेला, पाणी टँकरचं आहे का. वर आल्यावर दारावरच्या नंबरचा फोटो. मग लेझरच्या यंत्राने भिंत ते भिंत माप. पूर्वी टेपचं दुसरं टोक घरातल्या पोराला धरायला देत असत. आता लाल ठिपका भिंतीवर पडला की काम झालं. स्वयंपाकघर, बाथरूम, खिडकीतून दिसणारा रस्ता, मीटरची पाटी, सगळ्यांचे फोटो, त्यांवर अक्षांश-रेखांश आणि वेळ. मंजूर नकाशा हातात असेल तर तो जागेशी ताडून पाहायचा. चतुःसीमा लिहून घ्यायच्या. तुमच्या दोन लाखांच्या मॉड्युलर किचनकडे तो पाहतो, पण त्याची किंमत अहवालात फारशी उतरत नाही. पीओपीचं छत आणि इटालियन मार्बल यांची गतही तीच. घर सजवून दाखवलं की भाव चढेल, ही समजूत गिऱ्हाइकाच्या बाबतीत खरी असेल, इथे नाही.

खरी खटकणारी गोष्ट असते ती नकाशाबाहेरची. आत घेतलेली बाल्कनी, डक्टवर टाकलेली फरशी, भिंत पाडून एक केलेले दोन फ्लॅट, सामायिक गच्चीवरची पत्र्याची खोली. महाराष्ट्रात बाल्कनी आत न घेतलेलं घर दाखवा आणि बक्षीस मिळवा, अशी स्थिती आहे. ती जागा आपण वापरतो, तिचे पैसेही मोजलेले असतात, पण मंजूर नकाशात ती खोली नसल्याने व्हॅल्युअर ती क्षेत्रफळात धरत नाही. आठ लाखांच्या फरकातले निम्मे कित्येकदा इथेच गेलेले असतात.

उरलेल्यातले बरेच चटई क्षेत्राच्या घोळात जातात. रेरा कायद्याने कार्पेटची व्याख्या केली आहे: बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि गच्ची वगळून आतलं वापरण्याजोगं क्षेत्र, आतल्या भिंतींची जागा मात्र धरून. मे २०१७ मध्ये महारेरा सुरू झाल्यापासून नव्या प्रकल्पांत विक्री याच मापावर व्हायला हवी. पण जुन्या घरांच्या बाजारात एजंट अजून 'सेलेबल' बोलतो. ज्याला तो हजार फूट म्हणतो ते घर आत ७२० फूट भरतं. हजारावर काढलेला दर आणि ७२०वर काढलेला दर यांची सरमिसळ झाली की दोन्ही बाजू आपापल्या जागी प्रामाणिक असूनही भांडतात.

माप झालं की भाव. त्याच्या तीन वाटा आहेत, आणि फ्लॅटच्या बाबतीत खरी चालते ती एकच: आसपास तशीच घरं अलीकडे कितीला विकली गेली ते पाहणं. मजला, लिफ्ट, पार्किंग, इमारतीचं वय, रस्त्यापासूनचं अंतर यांसाठी थोडं वर-खाली करायचं. बंगला किंवा रो-हाउस असेल तर जमीन वेगळी आणि बांधकाम वेगळं धरतात. आरसीसी बांधकामाचं आयुष्य साधारण ६० वर्षं मानायचं, शेवटी भंगार म्हणून १० टक्के उरतील असं धरायचं आणि उरलेले ९० टक्के वर्षांवर वाटायचे. वर्षाला दीड टक्का घट झाली; वीस वर्षांच्या बांधकामातून ३० टक्के वजा. जमिनीला घट नाही. तिसरी वाट भाड्यावरून किंमत काढण्याची. ती दुकानांना आणि कार्यालयांना चालते. आपल्याकडे राहत्या घराचं भाडं किमतीच्या मानाने इतकं कमी, की त्यावरून किंमत काढली तर मालकाला चक्कर यावी.

अडचण दुसऱ्याच घराच्या किमतीत आहे. शेजारचा फ्लॅट कितीला गेला हे शेजारी एक सांगतो, एजंट दुसरंच सांगतो आणि दस्तात तिसरंच असतं. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोकड घेण्याला २०१५पासून आयकर कायद्याने बंदी आहे, पण 'थोडे कॅशमध्ये' हे वाक्य बाजारातून हद्दपार झालेलं नाही. ८२ लाखांच्या घराचा दस्त ६८ लाखांचा झाला, की पुढच्या गिऱ्हाइकाच्या व्हॅल्युअरला तुलनेसाठी ६८च सापडतात. एकाने वाचवलेला कर दुसऱ्याच्या कर्जातून असा कापला जातो. याच्या उलट खेळही चालतो: पदरचं काही घालायचं नाही म्हणून करार फुगवायचा, ७० लाखांचं घर ८५ला दाखवायचं आणि कर्जातच सगळं भागवायचं. त्या खेळात फुगवलेलं व्हॅल्युएशन लागतं. ते देणारे सापडतात, आणि बँकांची संघटना असलेली इंडियन बँक्स असोसिएशन फसवणुकीत नाव आलेल्या व्हॅल्युअर, वकील, सनदी लेखापालांची सावधगिरीची यादी बँकांना पुरवते, ती यामुळेच.

रेडी रेकनर हा बाजारभाव नव्हे, एवढं इथेच नोंदवून ठेवतो. पुण्यातल्या नोंदणी महानिरीक्षकांच्या कार्यालयातून निघणारे हे दरतक्ते मुद्रांक शुल्कासाठी असतात. नियम १९९५चे आहेत. नवे दर बहुधा १ एप्रिलला लागू होतात. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन वर्षांत दर वाढवलेच नाहीत, मग एप्रिल २०२५मध्ये वाढवले. बाजार काही सरकारसाठी दोन वर्षं थांबला नव्हता. एकाच विभागात रस्त्याकडेची इमारत आणि आतल्या बोळातली इमारत यांना तक्त्यात एकच दर असू शकतो. व्हॅल्युअर अहवालात ही सरकारी किंमत लिहितो, बाजारभावाशी फार फरक असला तर कारणही देतो. काही ठिकाणी रेकनर बाजाराच्या वर गेलेला आहे. तिथे घर स्वस्तात मिळालं तरी मुद्रांक शुल्क मात्र वरच्या आकड्यावर भरायचं असतं.

भाव ठरवण्याआधीच बाद होणारी घरं हा या सगळ्यातला मोठा आणि कमी बोलला जाणारा भाग. कर्ज एजंटांच्या बोलीत 'लीगल क्लिअर आहे, टेक्निकल निगेटिव्ह आलं' किंवा त्याच्या उलट. वकील तीस वर्षांचा शोध घेतो, सूची क्रमांक दोनचे उतारे काढतो, सातबारा किंवा मिळकत पत्रिका पाहतो. व्हॅल्युअर जागा पाहतो. दोघांच्या मधल्या फटीत महाराष्ट्रातली लाखो घरं अडकून पडली आहेत.

गुंठेवारीतलं घर घ्या. भिंती भक्कम, वीज, नळ, घरपट्टी सगळं आहे. पण एनए नाही, मंजूर नकाशा नाही. २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला, २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली. ज्यांनी शुल्क भरून प्रमाणपत्र घेतलं त्यांना दार किलकिलं झालं. बाकीच्यांना सरकारी बँक उभं करत नाही. मग जास्त व्याजाची वित्तसंस्था किंवा पतपेढी. मुंबईतल्या पागडीच्या खोलीचं तसंच. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने पागडीच्या देवघेवीला मान्यता दिली, पण खोलीची मालकी काही दिली नाही, आणि मालकी नसलेल्याला ती तारण ठेवता येत नाही. गिरगावात त्या खोलीला लाखो रुपये मोजणारा माणूस उभा असतो; बँकेच्या कागदावर तिची किंमत शून्य.

गावठाणातल्या घराची कथा आणखी निराळी. गावठाणाला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना आठ कर आकारणीचा असतो, त्याने मालकी सिद्ध होत नाही. चौसोपी वाडा असला तरी बँकेसाठी तो कागदाविना उभा आहे. ड्रोनने गावठाणं मोजून मिळकत पत्रिका देण्याचं काम पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीसारख्या गावांपासून सुरू झालं, आणि २४ एप्रिल २०२०ला केंद्राने तीच कल्पना 'स्वामित्व' योजना म्हणून देशभर नेली. योजनेच्या हेतूंतच लिहिलं आहे की घर तारण ठेवून कर्ज मिळावं. पत्रिका मिळणं ही पहिली पायरी झाली. गावात घर विकत घेणारा कोण, हा व्हॅल्युअरचा पुढचा प्रश्न तिथेही उभा राहतोच.

आणि पाणी. कोल्हापूर, सांगली, पुणे या शहरांत निळी पूररेषा आणि लाल पूररेषा हे शब्द आता शाळकरी पोरांनाही ठाऊक आहेत: निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. २०१९ आणि २०२१च्या पुरांनी हे हिशेब लोकांच्या पहिल्या मजल्यावर नेऊन ठेवले. निळ्या रेषेच्या आतलं बांधकाम व्हॅल्युअरने नोंदवायलाच हवं. माझं मत विचाराल तर व्हॅल्युएशन कमी आल्याबद्दल व्हॅल्युअरचे आभार मानावेत अशी ही एक जागा आहे. नदी दिसणाऱ्या बाल्कनीचे जादा पैसे बिल्डर घेतो. नदी बाल्कनीत येईल हे लिहिणारा या व्यवहारात व्हॅल्युअर एकटाच असतो.

बांधकाम चालू असलेल्या घरात व्हॅल्युअरची फेरी पुन्हा पुन्हा होते. जोतं झालं, चौथा स्लॅब झाला, वीटकाम झालं, तेवढे टक्के काम, तेवढे टक्के रक्कम. मध्यंतरी बिल्डरला सगळे पैसे आधीच द्यायचे आणि ताबा मिळेपर्यंत हप्ता त्याने भरायचा अशा योजना जोरात होत्या. बिल्डर बुडाले, हप्ते ग्राहकांच्या गळ्यात आले. सप्टेंबर २०१३मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं, की कर्जाचं वाटप बांधकामाच्या टप्प्यांशी बांधलेलंच असावं. त्या टप्प्याचा दाखला व्हॅल्युअरच्या सहीने जातो. जागेवर न उतरता गाडीतूनच स्लॅब मोजणारेही या धंद्यात आहेत, हे धंद्यातलेच लोक सांगतात.

हे व्हॅल्युअर येतात कुठून? संपत्तिकर कायद्याच्या कलम ३४अबखाली नोंदणी झालेले 'गव्हर्नमेंट अप्रूव्ह्ड व्हॅल्युअर' आपण पाट्यांवर वाचतो. संपत्तिकर २०१५च्या अर्थसंकल्पात गेला, पाट्या राहिल्या. कंपनी कायद्याच्या कलम २४७खाली २०१७चे नियम झाले आणि नोंदणी दिवाळखोरी मंडळाकडे आली. परीक्षा, जमीन व इमारत हा वेगळा वर्ग, आचारसंहिता, सगळं. राष्ट्रीय गृहनिर्माण बँक आणि बँक्स असोसिएशन यांनी २०११ साली हस्तपुस्तिकाही काढली. ५० कोटी आणि त्याहून मोठ्या मालमत्तेला दोन स्वतंत्र अहवाल हवेत, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. तुमच्या-माझ्या ८२ लाखांना एक पुरतो. २०२०मध्ये केंद्राच्या समितीने व्हॅल्युअरांसाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा दिला. तो मसुदाच राहिला आहे.

माझी तक्रार व्हॅल्युअरच्या आकड्याबद्दल कमी आणि तो आकडा झाकून ठेवण्याबद्दल जास्त आहे. व्हॅल्युएशनचा खर्च प्रक्रिया शुल्कात किंवा वेगळा, पण ग्राहकाच्याच खिशातून जातो. अहवाल मात्र बँकेचा अंतर्गत कागद. 'सर, व्हॅल्युएशन कमी आलंय' एवढं फोनवर सांगितलं जातं. क्षेत्रफळ चुकलं का, तुलनेला दुसऱ्याच गल्लीतली इमारत घेतली का, बाल्कनी वगळली का, हे ग्राहकाला कळायला मार्ग नाही.

न्यू जर्सीत किंवा टेक्सासात घर घेतलेल्या मराठी मुलाला विचारा. त्याच्या हातात आख्खा अहवाल असतो, तुलनेच्या घरांच्या फोटोंसकट. अमेरिकेला ही अक्कल फार महागात मिळाली. कर्ज खपवणाऱ्यांनी व्हॅल्युअरांवर दबाव आणून आकडे फुगवून घेतले, आणि २००८च्या कोसळण्यात त्याचा वाटा निघाला. २००९पासून कर्ज विकणाऱ्याने व्हॅल्युअर निवडू नये असे निर्बंध आले, आणि जानेवारी २०१४पासून गृहकर्जासाठी काढलेल्या व्हॅल्युएशनची प्रत अर्जदाराला मोफत देणं सावकारावर बंधनकारक झालं, व्यवहार पुरा होण्याच्या निदान तीन कामकाजाचे दिवस आधी. आपल्या रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४पासून कर्जाचं मुख्य तथ्य विवरण सक्तीचं केलं, त्यात वकिलाच्या फीसारखे बाहेरच्यांचे खर्चही दाखवावे लागतात. खर्च दाखवायचा आणि ज्याचा खर्च घेतला तो कागद दाखवायचा नाही, हे पटण्यासारखं नाही. त्या विवरणासोबत व्हॅल्युएशनची प्रत जोडण्याची सक्ती करायला रिझर्व्ह बँकेचं एक परिपत्रक पुरेल.

तोवर घर घेणाऱ्याच्या हातात दोन-तीन गोष्टी आहेत. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये त्याच इमारतीतले अलीकडचे नोंदलेले दस्त पाहता येतात. एजंटच्या तोंडच्या भावाआधी ते पाहावेत. टोकन देण्याआधी मंजूर नकाशा मागून आतलं माप स्वतः घ्यावं. विसारपावतीत एक ओळ लिहून घ्यावी: बँकेचं व्हॅल्युएशन ठरलेल्या किमतीपेक्षा कमी आल्यास सौदा पुन्हा बोलला जाईल किंवा विसार पूर्ण परत मिळेल. विकणारा कुरकुरेल, तरी आग्रह धरावा. आणि कर्ज कमी मंजूर झालं तर शाखेत लेखी अर्ज देऊन अहवालाची प्रत मागावी, नाही म्हणाले तर नकारही लेखी घ्यावा.